२०१० ची वॅगन आर रंगवायची आहे: २२ हजार, ३८ हजार की ६४ हजार?

एमएच३१_वॅगन

नमस्कार मंडळी. गाडी २०१० ची वॅगन आर, रंग सिल्की सिल्व्हर, कोड झेड२एस. छतावरचा आणि बॉनेटवरचा क्लिअर (रंगावरचा पारदर्शक थर) पापुद्र्यासारखा सुटलाय, खालचा चंदेरी रंग पांढुरका पडलाय. डाव्या दोन्ही दारांच्या खालच्या कडेला गंज आहे, मागच्या डाव्या चाकाच्या कमानीवर रंगाखाली फोड आलेत. मागचा बंपर घासलेला, पण फुटलेला नाही. उजवी बाजू धुतली की अजून चकाकते.

नागपुरात पूर्ण गाडीचे तीन भाव मिळाले. उघड्या शेडमधला पेंटर २२ हजार म्हणतो, कामठी रोडवरचं एक गॅरेज ३८ हजार, आणि ओव्हन बूथवालं वर्कशॉप ६४ हजार अधिक जीएसटी. तिघंही सांगतात की पीयू (पॉलियुरेथेन) मारणार आणि कंपनीसारखं करून देणार. मग एवढा फरक कशाचा? नोंदणीचं नूतनीकरण झालंय, गाडी विकायची नाही, अजून चार-पाच वर्षं चालवायची आहे. बजेट ४० हजार.

पूर्ण गाडी रंगवायलाच हवी का? आत्ता उन्हाळ्यात करू की थांबू? पांढरा करून घेतला तर स्वस्त पडेल का? आणि विम्यातून काही निघतं का?

हिशेबनीस

फरक रंगाच्या डब्याचा नाही, रंगाआधीच्या कामाचा आहे. मांडून बघा.

वॅगन आर बाहेरून पूर्ण रंगवायला साधारण दीड-दोन किलो लांबी (खड्डे भरायची पुट्टी), दोन लिटर सरफेसर (रंगाखालचं अस्तर), दोन लिटर बेस, म्हणजे मूळ रंग (थिनर घातल्यावर साडेतीन-चार होतो), दोन लिटर क्लिअर आणि त्याचं एक लिटर हार्डनर, पाच-सहा लिटर थिनर, चाळीसेक वॉटर पेपर आणि आठ-दहा रोल मास्किंग टेप लागते. बरा, पण फार महागडा नाही असा माल घेतला तर हे १३ ते १५ हजारांत बसतं. पेंटर आणि हेल्पर मिळून रोजचे दीड हजार धरा, नीट कामाला आठ दिवस, म्हणजे १२ हजार. इथेच २५-२७ हजार झाले. डेंटिंग, जागेचं भाडं, कॉम्प्रेसरची वीज आणि मालकाचा नफा अजून धरलेला नाही.

म्हणजे २२ हजारांत तो पेंटर तुमच्यावर मेहेरबानी करत नाहीये, कुठेतरी काटछाट करतोय. बहुतेक वेळा ती तीन ठिकाणी होते. हँडल, बीडिंग, दिवे न काढता टेप लावूनच रंग मारायचा. १८० नंबरच्या पेपरने घासलं की सरफेसर न देता थेट रंग. आणि बेस एनसीचा (नायट्रोसेल्युलोज, नुसतं थिनर उडून सुकणारा स्वस्त रंग) मारून वर पीयू क्लिअरचा एकच हात (थर) द्यायचा, म्हणजे 'पीयू मारला' हे वाक्य खोटंही ठरत नाही.

६४ हजारांवर १८ टक्के जीएसटी धरला की ७५,५२० होतात. त्यात बूथचं भाडं आहे, वजनकाट्यावर फॉर्म्युल्याने बनवलेला रंग आहे, सुटे भाग काढून बसवणं आहे. काम चांगलंच होईल. पण क्लिअर रासायनिक दृष्ट्या ३८ हजारवाल्याकडे असतो तसलाच टू-के, म्हणजे हार्डनर मिसळून कडक होणारा असतो. बूथमुळे मिळतं ते धूळ नसलेलं वातावरण आणि ६० अंशांवर अर्ध्या तासात झालेलं काम. पंधरा वर्षांच्या वॅगन आरवर पाऊण लाख घालावेत असं मला वाटत नाही.

आता तुमचा खरा प्रश्न. उजवी बाजू चांगली असेल तर पूर्ण गाडी कशाला? मधल्या दर्जाच्या गॅरेजच्या हिशेबाने बॉनेट ४ हजार, छत ६ हजार (छत नेहमी दीड-दोन पॅनेलचं धरतात), डावी दोन दारं गंजाच्या कामासह ९ हजार, मागचा डावा क्वार्टर (मागच्या चाकावरचा पत्रा) ५ हजार, बंपर ३ हजार. २७ हजार. बॉनेटचा चंदेरी शेजारच्या दोन्ही फेंडरांवर मिसळून घ्यायचे अजून ४ हजार, आणि गंजलेला पत्रा कापून तुकडा लावावा लागला तर ३ हजार. एकूण ३४. भावात हजार-दोन हजार इकडेतिकडे होतील, पण ४० च्या आत बसतं, आणि तेच पैसे कमी भागांवर पडल्यामुळे प्रत्येक भागाला न्याय मिळतो.

एक चाचणी आधीच करा. पांढऱ्या फडक्यावर एनसी थिनर घेऊन दाराच्या आतल्या कडेला, म्हणजे दार लावल्यावर दिसणार नाही तिथे, दहा सेकंद घासा. फडक्याला रंग लागला तर पूर्वी कोणीतरी एनसी मारलेला आहे. कंपनीचा भाजलेला रंग किंवा नीट सेट झालेला टू-के सुटत नाही. एनसीवर टू-के मारला की खालचा थर आक्रसतो आणि वर सुरकुत्या येतात. तसं असेल तर पत्र्यापर्यंत उतरवावं लागतं, आणि मग वरचा सगळा हिशेब बदलतो.

गनवाले_भाऊ

हिशेबनीस भाऊंचं बरोबर आहे, पण लोक भावावर अडून राहतात आणि उन्हाचं कोणी बोलत नाही. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जाते, उन्हातला पत्रा तर हात लावू देत नाही. अशा पत्र्यावर गन मारली की रंगाचा थेंब हवेतच सुकते आणि पत्र्यावर पावडरीसारखा बसते. हाच ड्राय स्प्रे. चंदेरीत तर लगेच दिसते, ढग-ढग दिसतात. क्लिअरमध्ये उलटं होते: वरची साय लवकर धरते, आतलं थिनर बाहेर पडायला जागा शोधते आणि बारीक-बारीक टोचे पडतात.

म्हणून उन्हाळ्यात स्लो थिनर आणि स्लो हार्डनर घ्यायचं, गाडी आदल्या रात्रीपासून सावलीत ठेवायची आणि गन सकाळी सात-आठच्या आत चालवायची. पावसाळ्यात वेगळी पीडा. थिनर उडताना पत्रा गार होते, त्यावर हवेतला ओलावा धरते आणि क्लिअर दुधाळ दिसू लागते. कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साचते ते वेगळंच. वॉटर सेपरेटर नसेल आणि टाकी रोज सकाळी खाली करत नसतील, तर जुलै-ऑगस्टमध्ये उघड्या शेडमध्ये गाडी देऊच नका. नागपूरले बरा काळ म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारी, फक्त जानेवारीत रात्री गारठा पडते म्हणून सेट व्हायला दिवस जास्त द्यायचे. दसरा-दिवाळीच्या तोंडावर नको, तेव्हा सगळ्यांनाच घाई असते.

आता कामाचा क्रम. हा तुम्ही उभं राहून पाहायचा आहे.

गाडी धुतल्यावर आधी डिग्रीझर (तेल-मेण काढणारं द्रव), मग पॉलिश पेपर. उलटं केलं तर मेण आणि सिलिकॉन पत्र्यात घासलं जाते आणि नंतर रंगात माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात. म्हणूनच गाडी द्यायच्या आधी आठ-दहा दिवस डॅशबोर्डला किंवा टायरला चमकीचा स्प्रे मारू नका. त्यातलं सिलिकॉन अख्ख्या शेडमध्ये फिरते.

सुटलेला क्लिअर १८० ने घासत-घासत घट्ट कडेपर्यंत न्यायचा. बोटाने पायरी लागली नाही पाहिजे. पायरी राहिली तर सहा महिन्यांनी तिथूनच पुन्हा उचलते. छत-बॉनेटचा क्लिअर एकदा सुटू लागला की 'जिथे सुटला तेवढाच' हा हिशेब चालत नाही, पूर्ण पॅनेल उतरवा.

लांबी जिथे खड्डा तिथेच, आणि दोन-तीन मिलिमीटरच्या वर नाही. त्याहून खोल असेल तर आधी डेंटरकडून पत्रा ओढून घ्या. लांबीत हार्डनर दोन-तीन टक्के पडते. 'जास्त टाकलं की लवकर सुकते' म्हणून मूठभर ओतणारे आहेत. तो जास्तीचा भाग नंतर रंगातून डाग होऊन वर येते.

सरफेसर १.६ ते १.८ च्या नोझलने दोन-तीन हात, दर हातामध्ये दहा मिनिटं. पूर्ण सुकल्यावर ४०० ने आणि शेवटी ६०० किंवा ८०० ने पाण्यात घासायचा. घाईत ओला सरफेसर घासला तर काम दिलं त्या दिवशी आरशासारखं दिसते आणि महिन्याने पेपरच्या रेघा वर येतात. सरफेसर खाली बसत-बसत रेघा उघड्या करते, क्लिअरला नावं ठेवून उपयोग नाही.

बेस १.३ च्या नोझलने दोन हात, शेवटचा हलका हात थोडं दूर धरून, म्हणजे चंदेरीचे कण एकसारखे बसतात. मग क्लिअर दोन हात, मधात दहा-पंधरा मिनिटं. बहुतेक टू-के क्लिअर दोनास एक मिसळतात, पण डब्यावरचं माप वाचा, अंदाजपंचे नाही.

सगळ्यात मोठी चोरी थिनरची. पीयू क्लिअरमध्ये पीयूचंच थिनर जाते. एनसीचं स्वस्त थिनर घातलं तर त्यातलं अल्कोहोल हार्डनरलाच खाऊन टाकते. मग क्लिअर कधी पूर्ण कडक होत नाही, वर्षभरात चमक जाते, पेट्रोल सांडलं की डाग. दिसायला त्या दिवशी दोन्ही सारखेच. हार्डनरचा डबा उघडून ठेवलेला, दुधाळ किंवा जेलीसारखा झालेला असेल तर तो फेकायचा, थिनर घालून चालवायचा नाही.

रंग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत आला तर नागपूरचं प्रेम समजू नका. गनचं प्रेशर कमी किंवा रंग घट्ट. थोडा असेल तर १५०० आणि २००० ने घासून कंपाउंडने निघते. पण क्लिअरच सगळा ४०-५० मायक्रॉनचा, त्यातून किती घासणार?

पत्रा_आधी

गंजावर कोणीच नीट बोललं नाही, आणि चार-पाच वर्षं गाडी चालवायची असेल तर पैसे तिथेच लागायला हवेत.

दाराच्या खालच्या कडेचा गंज बाहेरून सुरू होत नाही. काचेच्या रबरातून पाणी दारात उतरतं, खालच्या बारीक छिद्रांतून बाहेर पडतं. ती छिद्रं आपल्याकडच्या काळ्या मातीने बुजली की पाणी दारातच साचतं आणि पत्रा आतून सडतो. तुम्हाला बाहेर फोड दिसतो तोवर आत कधीच सुरुवात झालेली असते. म्हणून दाराचा आतला पॅड काढून बघितल्याशिवाय कोणी गंजाचा भाव सांगत असेल तर तो अंदाज समजा.

स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने कड ठोकून बघा. टणटण आवाज आला तर पत्रा शाबूत आहे. भद् आवाज आला किंवा टोक आत गेलं तर तिथे लांबी भरून काही होणार नाही. लांबी ओलावा धरते, एका पावसाळ्यात फोड परत येतो. तेवढा भाग कापून नवा तुकडा वेल्ड करावा लागतो.

पत्रा शाबूत असेल तर ८० ने चकाकेपर्यंत घासा. खड्ड्यांमध्ये काळे ठिपके राहतातच, त्यावर फॉस्फोरिक अ‍ॅसिडचा रस्ट कन्व्हर्टर, मग सांगितलेला वेळ सुकवून, उरलेला धुऊन-पुसून त्यावर इपॉक्सी प्रायमर. साधा सरफेसर पाणी अडवत नाही, त्यातून ओलावा पत्र्यापर्यंत पोचतो. उघडा घासलेला पत्रा रात्रभर तसाच सोडू नका, सकाळपर्यंत त्यावर लालसर छटा धरते. घासणं आणि प्रायमर एकाच दिवशी.

रंग झाल्यावर दाराच्या आत आणि कमानीच्या आतल्या ओठावर कॅव्हिटी वॅक्स (पोकळीत मारायचं गंजरोधक मेण) फवारून घ्या आणि छिद्रं मोकळी करा. हे सगळ्यात स्वस्त काम आहे आणि नेमकं हेच राहून जातं. कमानीच्या आतल्या बाजूचा चिखल वर्षातून दोनदा, पावसाळ्यानंतर नक्की, नळीने धुवा.

आरसी_बुक

विमा आणि कागद, थोडक्यात.

ऊन लागून सुटलेला क्लिअर आणि गंज ही झीज आहे, विमा ती देत नाही. बंपर घासला तो अपघात म्हणून दाखल करता येईल, पण परवडणार नाही. झिरो डेप (घसारा न कापणारा विमा) नसेल तर रंगाच्या सामानावर ५० टक्के घसारा कापतात, आणि रंगकामाचं एकत्र बिल असेल तर त्यातला २५ टक्के भाग सामान धरतात. म्हणजे ३ हजारांच्या बिलात ७५० सामान, त्यातले ३७५ गेले. त्यातून १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १ हजार सक्तीची वजावट. हातात १,६२५ येतील आणि नो क्लेम बोनस जाईल.

पांढरा करायचा विचार असेल तर: तोच रंग पुन्हा मारायला कोणाला कळवावं लागत नाही. रंग बदलला तर आरसीवरची नोंद बदलून घ्यावी लागते. ती तुमच्या नोंदणीच्या कार्यालयात, एमएच ३१ असेल तर नागपूर शहर, ४९ पूर्व, ४० ग्रामीण. नोंद न करता चालवली तर रस्त्यावरच्या तपासणीत आणि पुढे विमा दाव्यात प्रश्न येतो.

हिशेबनीस

पांढऱ्याचं अजून एक. सॉलिड पांढरा वेगळ्या क्लिअरशिवाय मारता येतो, त्यामुळे सामान दोन-तीन हजारांनी कमी लागतं हे खरं. पण रंग बदलायचा म्हणजे दारांच्या चौकटी, बॉनेटच्या खाली, डिकीच्या कडा सगळं रंगवावं लागतं. नाहीतर दार उघडलं की आत चंदेरी. वाचले त्याच्या दुप्पट तिथे जातात. चंदेरीच ठेवा.

एमएच३१_वॅगन

सगळ्यांचे आभार. थिनरची चाचणी केली, फडकं स्वच्छ राहिलं. ३८ हजारवाल्याकडे अर्ध्या कामाचा भाव मागितला, तर ३३ हजार म्हणतोय. पण हँडल आणि काचांची बाहेरची रबरं काढायचे वेगळे ३ हजार सांगतो. द्यावेत का? रंगाचं सामान मी आणून दिलं तर चालेल का? आणि छतावर नुसती काळी रॅप फिल्म लावली तर छताचे ६ हजार वाचतील?

गनवाले_भाऊ

रॅप नको. सुटलेल्या क्लिअरवर फिल्म धरत नाही, काढताना उरलेला क्लिअरही घेऊन येते. आणि नागपुरात काळं छत? भाऊ, एसीवर दया करा.

३ हजार द्या, डोळे मिटून. टेप लावून मारलेला रंग रबराच्या कडेला धारेसारखा संपते आणि पहिली पापडी तिथूनच निघते. काच खाली-वर झाली की रबर तीच कड उचलते. फक्त क्लिपा तुटतात, त्या नव्या टाकायच्या हे आधी बोलून घ्या.

सामान आणून दिलं तर पेंटर नंतर बोट तुमच्याकडे दाखवते, 'माल तुम्ही आणला' म्हणून. मधला रस्ता: बेस त्याला आणू द्या, कारण जुळवणी त्याची जबाबदारी. क्लिअर, हार्डनर आणि थिनर एकाच कंपनीचं, सीलबंद, तुमच्यासमोर उघडायचं असं ठरवा.

बेस झेड२एसच्या फॉर्म्युल्याने बनवला तरी पंधरा वर्षं उन्हात राहिलेल्या गाडीला तो जसाच्या तसा लागत नाही. आधी पत्र्याच्या तुकड्यावर बेस आणि क्लिअर दोन्ही मारून, सुकवून, उन्हात फेंडरला धरून पाहा. समोरून आणि तिरक्या नजरेने. समोरून जुळते आणि तिरकं गडद दिसते, असं चंदेरीत नेहमी होते. ट्यूबलाइटखाली पाहून हो म्हणू नका. बंपरला प्लास्टिक प्रायमर मारला का ते विचारा. तो नसेल तर प्रेशर वॉशरच्या पहिल्या धारेत रंग उडते.

पत्रा_आधी

गाडी घेताना सकाळच्या उजेडात घ्या, संध्याकाळी शेडमधल्या दिव्यात नको. फ्रिजचं चपटं चुंबक फडक्यात गुंडाळून डाव्या दारावर आणि कमानीवर फिरवा. जिथे पकड एकदम सैल होते तिथे लांबीचा जाड थर आहे. दारं उघडून छिद्रं मोकळी आहेत का बघा, रंगाने बुजलेली असतात.

ओव्हनशिवाय केलेलं काम पहिला आठवडा जपा. कव्हर घालू नका. क्लिअर आतून अजून सुकत असतो, कव्हरचा छाप उमटतो आणि वाफ कोंडते. सावलीत, पण कडुनिंबाखाली नको. डिंक आणि कावळ्यांची शीट ताज्या क्लिअरला खाते. पडलीच तर घासू नका, ओलं फडकं पाच मिनिटं ठेवून उचला. पहिला महिना मेण किंवा पॉलिश काही नाही, साध्या पाण्याने हाताने धुवा.

हिशेबनीस

३३ अधिक ३ म्हणजे ३६, चालेल. पण पावतीवर लिहून घ्या: क्लिअरची कंपनी आणि टू-के असा उल्लेख, क्लिअरचे दोन हात, गंजाच्या जागी इपॉक्सी, कोणते भाग काढणार, आणि पत्रा कापावा लागला तर किती जादा. अर्धे पैसे आधी, उरलेल्यांतले काही सरफेसर घासून झाल्यावर गाडी बघून. तेव्हाच लांबी, कडा, रेघा सगळं दिसतं. बेस चढल्यावर बघायला गेलात तर खाली काय आहे ते कळत नाही.